आगरातलं पहिलं पाऊल

त्या वर्षी आगरात पहिलं पाऊल कोणी टाकायचं, हा प्रश्न आमच्या घरात निघाला. त्याआधी तो निघायचं कारण नव्हतं. उत्तर ओट्यावर विडी ओढत बसलेलं असायचं.

मिठाचा हंगाम सुरू होण्याआधी वाफ्यांचा तळ तुडवावा लागतो. पावसाने तो मऊ पडलेला असतो. खाडीचं थोडं पाणी आत घेऊन अनवाणी पायांनी तुडवून तुडवून तो सारवलेल्या ओट्यासारखा घट्ट केला नाही, तर पुढे मिठाबरोबर चिखल वर येतो. आमच्या घरात ही सुरुवात सगळ्यांनी मिळून करायची रीत आहे. घरातला वडील पुरुष आधी उतरतो, त्याच्यामागे वयाच्या क्रमाने बाकीचे पुरुष आणि शेवटी बायका. पेणहून, रोह्याहून, जो जिथे असेल तिथून त्या सकाळी येतोच. स्वातंत्र्य मिळालं त्या साली आजोबा गेले, तेव्हापासून पन्नास वर्षं पहिलं पाऊल माझ्या वडिलांचं होतं. आणि आता, सत्त्याण्णव सालच्या मार्गशीर्षात, तुडवणीच्या आदल्या दुपारी ते डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारी रुपयाएवढी जखम घेऊन बसले होते. पाय चिखलात घातला तर तो गुडघ्याखालून काढावा लागेल, असं रोह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुंबईच्या दवाखान्यातली ऑपरेशनची तारीख सोमवारची होती. तुडवणी शुक्रवारी.

पायाची गोष्ट घरात सर्वांत आधी मला कळली, आणि मलाही उशिराच. मी रोह्याला शाळेत शिकवते. बाबा महिन्यातून एकदा पेणहून गाडीने माझ्याकडे यायचे. स्टेशनपासून माझं घर वीस मिनिटांवर आहे, बाबांना तास लागायचा. वाटेत ते कौलांच्या वखारीपाशी थांबून कौलांचा भाव विचारत, पुढे भाजीवालीशी बोलत, मग पिंपळाच्या पारावर बसून विडी पेटवत. माझ्याबरोबरच्या एक शिक्षिका म्हणाल्या होत्या, तुमचे वडील नवं घर बांधताहेत वाटतं, दर खेपेला कौलं बघतात. मी हसले होते.

त्या कार्तिकात मी त्यांना आणायला स्टेशनवर गेले, पण गाडी आधीच येऊन गेली होती आणि बाबा पुढे चालत निघाले होते. हाक मारणार तेवढ्यात ते थांबले. मीही थांबले, का ते सांगता येत नाही. ते पुन्हा निघाले आणि पुन्हा थांबले. मी विजेचे खांब मोजू लागले. आठ खांब चालले की बाबा थांबत. दोन-तीन मिनिटं काहीतरी न्याहाळत, आणि पुन्हा आठ खांब. कौलांची वखार बरोबर आठव्या खांबापाशी होती, एवढंच. ज्या माणसाबद्दल आख्खा गाव म्हणायचा की काळुराम दिसेल ते पारखून बघतो, तो वेदना जिरायची वाट बघत उभा असायचा.

बाबा गेल्याला आता सोळा महिने झाले. रस्त्याने चालताना मी अजून खांब मोजते.

त्याच दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांच्या जांघेत, गुडघ्यामागे आणि घोट्यापाशी बोटं ठेवून नाडी शोधली. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, मग तोच पट्टा घोट्यावर बांधला. दंडाला एकशे चाळीस भरला, डाव्या घोट्याला साठ. बाबा वहाणा घालत होते. ते थांबले आणि म्हणाले, "म्हंजे पानी खालच्या वाफ्यापर्यंत पोचत नाय." डॉक्टरांना कळलं नाही, तेव्हा बाबांनी टेबलावर बोटाने रेघ ओढून दाखवली. खाडीचं पाणी बांधाच्या उघाडीतून आत येतं, पाटाने एकेका वाफ्यात जातं. पाटात गाळ बसला तर जवळचे वाफे भरतात, शेवटचा कोरडा राहतो. उभं असताना चालून जातं. चालायला लागलं की पाय जास्त पाणी मागतो, आणि पाट तेवढं देऊ शकत नाही. डॉक्टर म्हणाले, "मी रोज चित्र काढून हेच सांगतो. तुम्हाला चित्र नको." मग त्यांनी गाळ कशाचा ते सांगितलं. वय आहेच, पण सर्वांत मोठा हात विडीचा. बाबांनी खिशातलं बंडल टेबलावर ठेवलं आणि पुन्हा कधी उचललं नाही. दर थांब्याला लोकांच्या डोळ्यांआड वेदना ठेवायला ते पेटवत होते तीच ही विडी, हे मी त्यांना घरी पोचवायला निघाले तेव्हा गाडीत ते स्वतःशी म्हणाले. मी निडी स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या वेळी जखम नव्हती. जखम पुढच्या पंधरवड्यात झाली.

तर ती दुपार. हैबतराव काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, जेवून आले होते आणि ओट्यावर पाय पसरून बसले होते. माझा धाकटा भाऊ दत्ता धाटावच्या कंपनीतून रात्रपाळी करून परस्पर आला होता. दादाला डॉक्टरने मना केलंय तर मी उतरतो, त्यात काय एवढं, असं काका म्हणाले. दत्ता म्हणाला, बाबांच्या जागी मुलगा.

"रीत वयाची हाय," काका म्हणाले. "आनि तू दिवसभर कंपनीत बूट घालून उभा. चिखल तुझ्या पायाला ओळखनार पन नाय."

"गेल्या साली कंबर धरून बांधावर कोण बसलेलं, काका? चिखल ओळखत होता की."

दारामागे बायका हसल्या. काकाही हसले, पण पाय आखडून घेऊन नीट बसले. मला ते बसणं ठाऊक होतं. आजोबांचं एकच आगर, दोन भावांची दोन घरं, आणि पहिलं पाऊल ज्याचं त्याचा शब्द वर्षभर चालतो. पाऊल एकदा या घरातून त्या घरात गेलं की परत येत नाही, हे दोघांनाही कळत होतं.

दत्ताला आणखीही एक गोष्ट कळत होती, ती त्याने मला पुढे मुंबईच्या दवाखान्याच्या जिन्यावर सांगितली. दोन वर्षांपूर्वी रामवाडीतल्या त्याच्या घरून दोघं एस.टी. गाठायला निघाले होते. बाबा तीनदा थांबले. दत्ताची पाळी चुकत होती. तुम्हाला काय काम असतं, सावकाश या, असं म्हणून तो त्यांना रस्त्यात सोडून पुढे गेला. वळून बघितलं तेव्हा बाबा एका सायकलच्या दुकानापुढे उभे राहून चाक बघत होते. "ताई, त्यांनी आयुष्यात सायकल चालवली नव्हती," दत्ता म्हणाला. म्हणून त्या दुपारी तो काकांशी भांडत होता. पहिल्या पावलाचा मान त्याला हवा होता की नव्हता कोण जाणे. बाबांच्या जागेवर दुसरं कोणी उभं राहू नये, एवढंच त्याला कळत होतं.

दोघांचं चाललं असताना बाबा म्हणाले, "मला कोनी विचारलं का? मी उतरनार."

काकांचा चेहरा उजळला. मघाशी जागा मागणारा माणूस भाऊ उतरणार म्हटल्यावर खुलला, हे मी बघितलं, आणि त्यांच्यावर मला रागावता येईना. ते म्हणाले, "बरोबर. डॉक्टर रोह्याचा, त्याला आगर काय ठाऊक? मिठात कधी जखम सडते का? मीठ लावलेलं मासं वर्षभर टिकतं."

मी सांगितलं की मासा मेलेला असतो, म्हणून टिकतो. जिवंत कातडी भरून यायची तर तिला रक्त लागतं, आणि बाबांच्या पायात तेच पोचत नाही. आगरातल्या चिखलात मीठ असतं तशी घाणही असते. ती जखमेत गेली तर सोमवारी नस जोडायला काही उरणार नाही. मी शाळेत बोलते तशी बोलले असणार, कारण काका दत्ताकडे बघून म्हणाले, "तुझी बहीण आपल्याला पाचवीत बसवते."

तेव्हा सरूवहिनी बोलली. दत्ताची बायको सासऱ्यांसमोर फारशी बोलत नाही. तिचं माहेर हमरापूरचं. लहानपणापासून गणपती रंगवत आलेली ती, अंगाचा रंग भरणं तिचं काम. ती उंबऱ्याच्या आतूनच म्हणाली, "दोन्ही पाय एका रंगाचे नायत. पाडव्याला पाया पडले तेव्हा बघितलं. डावा पांढुरका, गुळगुळीत, त्याच्यावर केस नायत. आनि गार. मूर्ती वाळलेली नसली की हाताला लागते तसा गार." मग म्हणाली, "मला तेव्हाच सांगाय हवं होतं. सुनेनं सासऱ्याच्या पायाबद्दल काय बोलायचं, म्हनून गप राहिले."

काकांनी पहिल्यांदा बाबांच्या पायांकडे नीट बघितलं. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, जो त्या पंधरा दिवसांत घरात कोणीच विचारला नव्हता. "पन दादा, जखम झाली कशी?"

"लागलं काहीतरी," बाबा म्हणाले.

हौसाआत्या ओट्याच्या कडेला वाल सोलत बसली होती. ती बाबांची मोठी बहीण. सोळाव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली, आणि आई गेल्यापासून बाबांचं घर तीच बघायची. मीठ काढून झाल्यावर वाफ्यात जाड, कडू पाणी उरतं. ते ती दरवर्षी माठात भरून ठेवायची. गावात कोणाचा पाय मुरगळला, गुडघा धरला, की हौसाकडून कडू पाणी न्यायचं, गरम करायचं आणि शेकायचं. पंचेचाळीस वर्षं तिच्या त्या पाण्याने लोक बरे होत आले होते. भावाचा पाय दुखतो हे कळल्यावर तिने बारा दिवस रोज घमेलं चुलीवर ठेवलं. रोज पाण्यात हात घालून बघितला. बाबा म्हणायचे, लागत नाय गो, अजून गरम कर. ती करायची. तेराव्या दिवशी अंगठ्याशेजारी फोड आला.

तिच्या मनात त्या दुपारी काय होतं ते मला तिने कधी सांगितलं नाही. मी तिचे हात बघत होते. सोललेला वाल ती सालांत टाकत होती.

"लागलं नाय," ती म्हणाली. "मी भाजला."

तिने टोपली बाजूला सारली.

"मी हात घालून बघितलेला, हैबत. रोज. हाताला सोसवेल एवढंच होतं. देवाशपथ."

"तुझ्या हातात रक्त हाय, हौसा," बाबा म्हणाले. "माझ्या पायात नव्हतं. म्हनून तुला सोसलं, मला नाय." मग त्यांनी ओट्यावरच्या धुळीत बोटाने ती रेघ पुन्हा ओढली. उघाडी, पाट, शेवटचा वाफा. गरम पाण्याने कातडी जास्त रक्त मागते. मागितलं आणि मिळालं नाही की ती जळते. आणि रक्त नसलेल्या पायाला गरम किती ते कळतही नाही, म्हणून अजून गरम कर म्हणणारे तेच. काका रेघेवर वाकले होते. दत्ताही. वेगळ्या शब्दांत मी हेच सांगितलं होतं, तेव्हा कोणी वाकलं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. चौथीपर्यंत शिकलेला माझा बाप स्वतःच्या शरीराचा नकाशा धुळीत काढून घरच्यांना समजावत होता आणि त्याचा आवाज जराही मऊ पडला नव्हता.

"म्हंजे तू उतरनार नाय," काका शेवटी म्हणाले.

बाबांनी रेघ पुसली. "सकाळी बघू."

मी त्यांचा अर्थ लावायचा प्रयत्न केला आणि लागला नाही. सोमवारपर्यंतचा पाय त्या दोन शब्दांवर होता. पहाटे उठले तर आत्या जागीच होती. तिने माठ अंगणात आणून उपडा केला होता. ओली जमीन पांढरी पडायला लागली होती.

सकाळी सगळे बांधावरून निघाले. घरापासून आमच्या आगरापर्यंत बांधात तीन उघाड्या आहेत. बाबा पुढे, पायाला मी बांधलेली पट्टी, त्यावर दत्ताचा कंपनीतला जाड मोजा आणि मोठी वहाण. त्यांच्यामागे काका, दत्ता, काकांचा मुलगा जगन, मग आम्ही बायका, अशी वीसेक माणसांची रांग. पहिल्या उघाडीपाशी बाबा थांबले. रांग थांबली. दरवर्षी थांबायची. उघाडीच्या फळ्या धड आहेत ना, पाणी झिरपत नाही ना, हे काळुराम तपासतो आणि मगच पुढे जातो, असं आम्ही सगळे मानून होतो. गेली चार-पाच वर्षं आख्खं घर त्यांच्या पोटरीतल्या कळेसाठी बांधावर थांबत होतं आणि कोणाला ठाऊक नव्हतं.

बाबांचा हात सवयीने खिशाकडे गेला, रिकामा परत आला.

काकांनीही सवयीनेच विचारलं, "फळ्या बऱ्या हायत ना, दादा?"

बाबा वळले. खाडीवरून वारा येत होता. मागच्या बायकांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "फळ्या बघत नाय मी. पाय दुखतो, म्हनून थांबलोय. दुखायचा थांबला की निघू."

त्यांच्या तोंडून ते वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दत्ताने मान खाली घातली. काका पुढे होऊन बाबांच्या शेजारी उभे राहिले आणि खाडीकडे बघू लागले, जणू त्यांचाही पाय दुखत होता. दुसऱ्या उघाडीपाशी त्यांनी विचारलं नाही, नुसते उभे राहिले. तिसरीपाशीही.

आगरावर पाणी घेऊन ठेवलं होतं. वाफा आकाशाच्या रंगाचा झाला होता. जगनने नारळ फोडला. काकांनी धोतर खोचलं, दत्ताने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि दोघं वाफ्याच्या काठावर एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे राहिले. बाबा बांधाच्या कडेला बसले. कोणीतरी पाय वर ठेवायला बसायचा लाकडी पाट पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि डावा पाय खाली सोडला. डॉक्टरांनी पाय लोंबता ठेवायला सांगितलं होतं, तेवढंच रक्त खाली उतरतं. पण मला वाटलं, आता वहाण काढतील. मी दोन पावलं पुढे झाले. काय करणार होते ठाऊक नाही.

"हैबत, रीत वयाची, असं काल तू म्हनालास."

"व्हय."

"मग हौसा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी हाय."

आत्या सर्वांत मागे उभी होती, नेहमीसारखी. बायकांच्याही मागे. तिला ऐकू आलं नसेल असं मला वाटलं, इतकी ती हलली नाही. काका हळू आवाजात म्हणाले, "दादा, ती बाईमाणूस. आनि त्यात..." विधवेने हंगामाचं पहिलं पाऊल टाकायचं, हे त्यांच्या जिभेवर आलं नाही, याचं श्रेय मी त्यांना देते.

"बाप गेला तेव्हा मी अकरा वर्षांचा," बाबा म्हणाले. "तू पाळण्यात. याच वाफ्यापाशी मी रडत उभा होतो. चिखलात साप असंल म्हनून घाबरलो होतो. हौसा आधी उतरली, बघितलं, मग हाताला धरून मला उतरवला. टाच आधी नाय, चवडा आधी, ते तिनं शिकवलं. पहिलं पाऊल तेव्हापन तिचंच होतं. नाव माझं झालं."

आत्या रांगेच्या मागूनच म्हणाली, "काळू, मी तुझा पाय भाजला."

"तूच तो चालायला पन शिकवलास. उतर, हौसा. ऊन चढतंय."

काकांनी आत्याकडे बघितलं, मग बाबांच्या मोज्यातल्या पायाकडे. ते काठावरून मागे सरले आणि त्यांनी दत्तालाही दंडाला धरून मागे घेतलं. रांग मधोमध उघडली. चौसष्ट वर्षांची माझी आत्या नऊवारीचा काष्टा घट्ट करत त्या वाटेने पुढे आली, आणि बाबांपाशी पोचल्यावर थांबली. वाकून तिने त्यांच्या मोज्याचं तोंड वर ओढून सारखं केलं. मग वाफ्यात उतरली. चवडा आधी.

बाबांनी बसल्या जागेवरून ठेका धरला, "हां... हां...", तुडवणीत वडील माणूस धरतो तो. त्यांचा आवाज बांधावर दूरपर्यंत जात होता. आत्या एका कडेने तुडवत निघाली, तिच्यामागे काका उतरले. काकांच्या मागे दत्ता पाऊल उचलणार, तेवढ्यात ठेका थांबला.

"दत्ता," बाबा म्हणाले, "गिरजा मोठी हाय."

दत्ताने वळून माझ्याकडे बघितलं आणि हसला. पंधरवड्यात पहिल्यांदाच. त्याने हात पुढे केला. मी वहाणा बांधावर काढल्या, बाबांच्या शेजारी. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर वाफ्याच्या शेवटच्या कोपऱ्यावर होती, पाणी तिथपर्यंत नीट पोचलंय का ते बघत. त्या वेळी मात्र ते खरंच बघत होते.

सोमवारी त्यांच्या मांडीतली नस काढून पोटरीपर्यंत जोडली. अंगठा गेला, पाय राहिला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं तसं, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं ते बांधावर रोज करत राहिले आणि कोणी विचारलं तर थांबण्याचं कारण सांगत राहिले. पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी मी पाय खाली सोडला. चिखल गार होता. दोन्ही पायांना सारखाच गार लागला. बाबांनी ठेका धरला, आणि मी आत्याच्या पावलात पाऊल ठेवत निघाले.